पाड लागेपर्यंत

खानदेश म्हटले की महाराष्ट्राच्या इतर भागांतील माणसाला प्रथम उन्हाळा आठवतो. मे महिन्यातील जळगाव-भुसावळचे आकडे वृत्तपत्रांत वाचून, "एवढ्या उन्हात तुम्ही राहता तरी कसे?" असे वसई-मुंबईकडील आप्तेष्ट मला नेहमी विचारतात. येथील हिवाळ्याविषयी मात्र कोणी विचारीत नाही. वस्तुतः खानदेशचा हिवाळा त्याच्या उन्हाळ्याइतकाच करारी आहे. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याचे डोंगर व सातमाळा, आणि मधून पश्चिमेकडे वाहत जाणारी तापी, असे हे लांबट खोरे. समुद्र दूर, हवा कोरडी, आकाश निरभ्र. त्यामुळे दिवसभर तापलेली काळी जमीन रात्री आपली ऊब झपाट्याने सोडून देते. त्यात उत्तरेकडचे वारे सुटले की धुळ्याचा पारा पाच-सहा अंशांपर्यंत, कधी त्याहूनही खाली उतरतो.

या थंडीत फळ पिकण्याची वाट पाहणे हा येथील जीवनाचा एक भाग आहे. त्या वाट पाहण्यालाही एक इतिहास आहे आणि तो आपण समजतो त्याहून फार जुना आहे. प्रस्तुत लेखात त्याचा थोडा मागोवा घ्यावयाचा आहे. सुरुवात मात्र एका अगदी घरगुती गोष्टीपासून करतो.

दहा रोपे

धर्मगुरुनिवासामागील मोकळ्या जागेत एका वर्षी मी दसऱ्यानंतर टोमॅटोची दहा रोपे लावली. नोव्हेंबरात ती फुलली, डिसेंबरात फळे धरली आणि नाताळ आला तेव्हा झाडे फळांच्या भाराने आधाराच्या काठ्यांवर रेलली होती. फळे आकाराने भरली होती, पण रंग हिरवाच. नाताळच्या जेवणात आपल्या परसातील टोमॅटो असावेत ही माझी हौस तशीच राहिली. नवे वर्ष उजाडले, तीन राजांचा सण झाला, तरी टोमॅटो आपले हिरवेच. रोज सकाळी मी झाडांभोवती एक फेरी मारावी आणि रिकाम्या हाताने परतावे, असा क्रम झाला.

अखेर माझा धीर सुटला. पाच झाडांवरची सगळी फळे मी तोडली आणि भरपूर ऊन लागावे म्हणून गच्चीवर पसरली. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या मावशींनी ते पाहून कपाळाला हात लावला. "फादर, उन्हानं फळ वाळतं. पिकतं ते उबेनं," त्या म्हणाल्या. उरलेल्या पाच झाडांवरची दहा-बाराच फळे त्यांनी निवडून घेतली, गव्हाच्या काडात घालून टोपली चुलीजवळच्या कोपऱ्यात ठेवली आणि बाकीची फळे झाडावरच राहू दिली.

त्या रविवारी प्रार्थनेनंतर हा किस्सा मी अंगणात सांगितला, तेव्हा यावल तालुक्यातील एक केळी-बागायतदार हसून म्हणाले, "फादर, तुमची दहा झाडं. आमची दहा हजार खोडं याच थंडीत उभी आहेत." त्यांचे हसणे क्षणभरच टिकले. पुढच्या सबंध आठवड्यात ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही.

मावशींचे म्हणणे शास्त्रालाही मान्य आहे. टोमॅटोचे फळ पूर्ण भरल्यावर त्याला पिकण्यासाठी उन्हाची गरज नसते, उबेची असते. त्याचा तांबडा रंग साधारणतः २० ते २४ अंशांत उत्तम चढतो. पारा १२ अंशांच्या आसपास व त्याखाली राहू लागला की पिकण्याची क्रिया मंदावते, आणि बरेच दिवस तसाच राहिला तर फळ पुढे ऊब मिळूनही नीट पिकत नाही. उलट ३० अंशांपलीकडे तांबडा रंग तयार होणे अडते व फळ पिवळट राहते. म्हणजे आमच्या खानदेशात टोमॅटोची दोन्हीकडून कोंडी होते. जानेवारीच्या रात्री त्याला थंड पडतात आणि एप्रिलचे दिवस कडक.

वांग्याचे परदेशी भावंड

टोमॅटो ही आपल्या स्वयंपाकघरातील अलीकडची पाहुणी आहे, याचा आपल्याला आता विसर पडला आहे. तिचे मूळ घर अमेरिका खंडात. मेक्सिकोतील लोक तिची लागवड करीत आणि त्यांच्याच भाषेतील शब्दावरून आजचे जगभरचे नाव आले. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन धर्मबंधू बर्नार्दिनो दे साहागून यांनी तेथील जनजीवनाची जी प्रचंड नोंद स्थानिक माणसांकडून करून घेतली, तीत बाजारातील टोमॅटो विकणारा येतो. त्याच्या पाटीत लहान, मोठे, पिवळे, तांबडे, असे निरनिराळ्या रंगांचे टोमॅटो आहेत. १५९० साली येशूसंघीय धर्मगुरू होसे दे अकोस्ता यांनी आपल्या ग्रंथात टोमॅटो हे रसाळ व आरोग्यास हितकर फळ असून मिरचीचा तिखटपणा सौम्य करण्यास ते वापरतात, असे नमूद केले.

युरोपात मात्र या फळाचे स्वागत संशयाने झाले. इटलीतील वैद्य मात्तिओली यांनी १५४४ साली त्याचे वर्णन वांग्याच्या वर्णनालाच जोडून केले. हे फळ आरंभी हिरवे असते आणि पिकले म्हणजे सोन्याच्या रंगाचे होते, हे त्यांनी आवर्जून लिहिले. पुढे १५५४ मध्ये त्यांनी त्याला 'सोन्याचे सफरचंद' या अर्थाचे जे नाव दिले, तेच आजही इटालियन भाषेत रूढ आहे. उत्तरेकडील थंड देशांत ते दीर्घकाळ खाण्यापेक्षा शोभेसाठी अधिक लावले जाई, कारण त्याच्या कुळातील अनेक वनस्पती विषारी असल्याची धास्ती होती.

भारतात ते युरोपीय लोकांबरोबर आले. जॉर्ज वॉट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतातील उपयुक्त वनस्पतींचा जो कोश सिद्ध केला, त्यातून दिसते ते असे की, तेव्हाही टोमॅटोची लागवड मुख्यत्वे गोऱ्या साहेबांसाठी होत होती आणि देशी लोकांना त्याची गोडी नुकती लागू लागली होती. आपल्या मराठीत त्याला ठिकठिकाणी बेलवांगी, भेदरे, तांबाटे अशी नावे पडली. बेलवांगी हे नाव मला फार बोलके वाटते. मात्तिओलीप्रमाणेच आपल्या माणसांनीही या परक्या फळाला वांग्याच्या घरात जागा दिली, आणि वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनेही ती दोन भावंडेच ठरली.

परंतु या दोन भावंडांत एक मोठा भेद आहे. वांगे आपण कोवळे खातो. पिकून पिवळे झालेले वांगे बियाण्यासाठी ठेवायचे. खानदेशात हिवाळा म्हणजे भरताचे दिवस. शेतात काड्या पेटवून भाजलेली हिरवी-पांढरी वांगी, हिरव्या मिरच्या, शेंगदाणे आणि कांद्याची पात. या सोहळ्यात वाट पाहण्याचा प्रश्नच येत नाही. टोमॅटोने मात्र भाजीच्या वाफ्यात फळझाडाची शिस्त आणली. भाजी तोडावयाची तर ती पिकण्याची वाट पाहा, असे तो सांगू लागला.

आपल्याकडे ही शिस्त आंब्याने पूर्वीच शिकविलेली होती. 'पाड लागणे' हा आपला शब्द पाहा. झाडावरचा एखादा आंबा आपोआप पिकून पडू लागला, म्हणजे झाडाला पाड लागला. मग उतरणी करावयाची आणि फळांची गवतात अढी घालावयाची. पाड लागण्यापूर्वी उतरविलेले फळ अढीत सुरकुतते, आंबट राहते किंवा सडते. मावशींनी माझ्या झाडांवरची दहा-बाराच फळे का निवडली, याचे उत्तर या एका शब्दात आहे. त्या फळांच्या तळाशी हिरव्याची पांढुरकी झाक उमटली होती. त्यांना पाड लागला होता.

आमोस काय करीत असे?

फळ लवकर पिकावे ही घाई माणसाला आजची नाही. पवित्र शास्त्रात संदेष्टा आमोस स्वतःची ओळख करून देताना, आपण गुरे राखणारा व उंबराच्या फळांची निगा राखणारा मनुष्य आहोत, असे सांगतो (आमोस ७:१४). सेमिनरीत असताना हे वचन मी अनेकदा वाचले, पण उंबराची निगा ती काय राखावयाची, असा प्रश्न तेव्हा मनात आला नव्हता.

त्याचे उत्तर जुन्या भाषांतरांत दडलेले आहे. इजिप्तमधील आलेक्सांद्रिया नगरीत ज्यांनी जुन्या कराराचे ग्रीक भाषांतर केले, त्यांनी या ठिकाणी 'ओरखडणारा' अशा अर्थाचे क्रियापद वापरले. संत जेरोम यांनी लॅटिन भाषांतर करताना चिमटण्याचा अर्थ असलेला शब्द योजिला. इजिप्त आणि पॅलेस्टाइनमधील हे उंबर आपल्या उंबराचे जवळचे नातलग. त्याची फळे झाडावर असतानाच त्यांना लहानशी चीर देण्याची तेथे प्रथा होती. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातील ग्रीक पंडित थिओफ्रास्टस लिहितो की, लोखंडी नख्यांनी ओरखडल्याशिवाय हे फळ पिकत नाही आणि ओरखडले की चार दिवसांत पिकते. आमोसचा काळ त्याच्याही चारशे वर्षे आधीचा. म्हणजे सुमारे अठ्ठावीसशे वर्षांपूर्वी तकोवाचा हा शेतकरी हातात चाकू घेऊन फळे पिकविण्याचे काम करीत होता.

चीर दिल्याने फळ का पिकते, हे कळावयास मात्र विसावे शतक उजाडावे लागले.

धुराचे रहस्य

कॅलिफोर्नियातील व्यापारी हिरवी लिंबे रॉकेलच्या शेगड्या पेटविलेल्या बंद खोल्यांत ठेवून पिवळी करीत. शेगडीच्या उबेने लिंबे पिवळी होतात, अशी सर्वांची समजूत. पुढे काहींनी अधिक स्वच्छ ऊब देणारी साधने आणली, तर काय आश्चर्य! खोली उबदार, पण लिंबे हिरवीच. १९२४ साली फ्रँक डेनी या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, काम करीत होता तो शेगडीच्या धुरातील इथिलीन नावाचा वायू. त्याआधी १९०१ मध्ये रशियातील नेल्युबोव याने दिव्याच्या गॅसमधील इथिलीनचा रोपांवर होणारा परिणाम ओळखला होता. १९१० साली जमैकातील कझिन्स याने जहाजावर संत्री आणि केळी एकत्र ठेवू नयेत, कारण संत्र्यांजवळच्या हवेने केळी अकाली पिकतात, असा इशारा दिला होता. शेवटी १९३४ मध्ये इंग्लंडमधील गेन याने सिद्ध केले की, पिकणारे फळ स्वतःच इथिलीन निर्माण करते.

आमोसच्या चाकूचे कोडे येथे सुटते. जखम झालेले फळ इथिलीन सोडते आणि तो वायू फळाला पिकण्याची वर्दी देतो. आपल्या अढीचेही कोडे येथेच सुटते. गवताची ऊब फळाला काम करू देते आणि एका पिकत्या फळाचा वायू गवतात कोंडून शेजारच्या फळांना जागे करतो. वसईच्या वाचकांना हे निराळे सांगावयास नको. सुकेळी करण्यासाठी राजेळी केळी गवतात घालून पिकविणाऱ्या आपल्या आजीला इथिलीन हा शब्द ठाऊक नव्हता, पण कोणते फळ कोणाशेजारी ठेवावे, हे तिला ठाऊक होते. मुंबईच्या केळीवाल्यांच्या वखारींतही पूर्वी खोली बंद करून धुरी दिली जाई. तीही याच जातीची विद्या.

चरका

येथवर आल्यावर यावलच्या त्या बागायतदारांच्या वाक्याकडे वळावयास हवे.

रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर हा तापीकाठचा पट्टा केळीचा. १९३६ च्या डिसेंबरात राष्ट्रीय सभेचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन ज्या फैजपूरला झाले, ते गाव याच पट्ट्यातले. सावदा, निंभोरा, रावेर या स्थानकांवरून कच्च्या केळीने भरलेल्या रेल्वे वाघिणी उत्तर भारतात जात आल्या आहेत. पूर्वी बसराई हे वाण मुख्य होते. गेल्या शतकाच्या अखेरीस जळगावातच ऊतिसंवर्धित रोपे तयार होऊ लागली, ठिबक सिंचन आले आणि ग्रँड नैन या वाणाने बागा व्यापल्या. पूर्वी दीड वर्षाच्या आसपास लागणारे पीक अकरा-बारा महिन्यांत हाती येऊ लागले. २०१६ साली जळगावच्या केळीस भौगोलिक मानांकनही मिळाले.

परंतु रोप कितीही सुधारले तरी केळ हे उष्ण प्रदेशाचे लेकरू. १३ अंशांखाली त्याच्या फळाला इजा होऊ लागते. सालीच्या आतील शिरा तपकिरी पडतात आणि असे फळ पुढे पिकले तरी त्याला सोनेरी रंग येत नाही, राखाडी मळकट छटा येते. याला येथे 'चरका' म्हणतात. बाजारात चरका पडलेल्या मालाचा भाव पाडूनच मागितला जातो. जूनमध्ये लावलेली मृगबाग ऐन थंडीत निसवण्याच्या बेतात असते. निसवण लांबते, कधी घड खोडातच अडकतो. पावसाळ्यानंतर लावलेल्या कांदेबागेची कोवळी रोपे थंडीत आखडून बसतात. आणि केळीचे खोड आयुष्यात एकदाच घड देते, हे विसरून चालत नाही. आंब्याचा मोहर गळला तर पुढच्या वर्षाची आशा असते, केळीच्या त्या खोडाला पुढचे वर्ष नसते.

२०१८ च्या नाताळनंतर उत्तर महाराष्ट्रात कडाक्याची थंडी पडली होती. त्या दिवसांत एका पहाटे मी यावल तालुक्यातील एका बागेवर गेलो होतो. चार वाजले असावेत. विहिरीचे पाणी बागेत सोडलेले होते, कारण ते बाहेरच्या हवेपेक्षा उबदार असते. वाऱ्याच्या बाजूच्या बांधावर ओला-सुका पाला पेटवून धूर केला होता आणि तो धूर पांघरुणासारखा खोडांवर पसरत होता. घरातील थोरली माणसे, सुना, शाळकरी मुले, सगळी जागी होती. घडांना केळीची वाळलेली पाने गुंडाळलेली होती. जेथे पाने पुरली नव्हती, तेथे पिशव्या, आणि एका घडाला तर घरातले जुने लुगडे. मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे काही नव्हते. एका मुलाने माझ्या हातात पाल्याचा भारा दिला आणि मी तो आगीवर टाकला.

त्या धुराचा विचार मी पुढे पुष्कळदा केला. बांधावर शेतकरी धूर करतो तो फळ थंडीतून वाचावे म्हणून. वखारीत व्यापारी धूर करीत असे तो फळ लवकर पिकावे म्हणून. आणखी एक गोष्ट ध्यानात आली. खानदेशचा शेतकरी आपली केळी पिकलेली सहसा पाहतच नाही. तो ती हिरवी कापतो, ती पिवळी होतात दिल्लीत किंवा मुंबईत. त्याचे वाट पाहणे गर भरण्यापुरते, रंगाची वाट पाहणारा दुसराच.

फळपीक विमा योजनेत हिवाळ्यातील कमी तापमान हा केळीच्या नुकसानभरपाईचा एक निकष ठरविण्यात आला, ही स्वागतार्ह गोष्ट. थंडी हे संकट आहे, हे त्यामुळे सरकारदरबारी नोंदले तरी गेले. परंतु तालुक्याच्या हवामानकेंद्रातील पारा आणि नदीकाठच्या खोलगट शेतातील पारा यांत अंतर असते, असे शेतकरी सांगतात, आणि थंड हवा सखल जागी साचते हे पाहता त्यांचे म्हणणे खोटे नाही.

मदत आणि बळजबरी

पिकण्याच्या या इतिहासाला एक काळी बाजूही आहे. फळ पिकविण्यासाठी कॅल्शियम कार्बाइडची पुडी फळांत ठेवण्याचा प्रकार देशभर बोकाळला. हवेतील ओलाव्याने त्यातून ॲसिटिलीन वायू निघतो आणि तो इथिलीनची नक्कल करतो. पण बाजारी कार्बाइडमध्ये आर्सेनिक व फॉस्फरसची विषारी अशुद्धी असते. म्हणून अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांनी त्यावर बंदी घातली आणि २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांत ती कायम राहिली. उलट, हवेच्या दशलक्ष भागांत शंभर भागांपर्यंत शुद्ध इथिलीन वापरण्यास परवानगी आहे. आजच्या रायपनिंग चेंबरमध्ये सोळा ते अठरा अंशांची ऊब, दमट हवा आणि थोडे इथिलीन देऊन केळी चार-पाच दिवसांत पिकवितात. ही आपल्या अढीचीच शहरी आवृत्ती आहे.

कार्बाइडने फळाची साल रंगते, पण कोवळ्या फळाच्या आतला गर त्यामुळे भरत नाही. अढी, धुरी किंवा शुद्ध इथिलीन यांनीही तो भरत नाही. पाड लागलेल्या फळाला ती साहाय्य करतात एवढेच. आमोसलाही चीर केव्हा द्यावी हे पाहावे लागत असणारच. मदत कोठे संपते आणि बळजबरी कोठे सुरू होते, ती सीमारेषा 'पाड' या आपल्या दोन अक्षरी शब्दाने किती अचूक दाखविली आहे!

माझ्या टोमॅटोंचे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. गच्चीवर पसरलेली फळे सुरकुतली. काही पिवळट झाली, बहुतेक सडली. पाच झाडांचे पीक माझ्या घाईने वाया गेले. मावशींच्या टोपलीतील फळे आठवडाभरात तांबूस झाली. झाडावर राहिलेली फळे संक्रांतीनंतर रात्री थोड्या उबदार झाल्यावर एकेक करून रंगू लागली आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात इतकी आली की शेजारी वाटावी लागली.

आमच्या धर्मग्रामातील एक मुलगी लग्नानंतर इंग्लंडात राहते. तिला ही गोष्ट कळविली तेव्हा तिने लिहिले की, तिकडे ऑक्टोबर आला तरी परसातले टोमॅटो हिरवेच असतात. मग तेथील बायका ते तोडून कपाटाच्या खणात ठेवतात आणि सोबत एक पिकलेले केळे ठेवतात. केळ्याच्या वायूने टोमॅटो पिकतात. "शेजारणीने मला ही युक्ती शिकवली," तिने लिहिले होते, "तेव्हा मी तिला म्हटलं, मी केळीच्या गावची आहे, हे मला ठाऊक असायला हवं होतं."

ते पत्र मी यावलच्या बागायतदारांना वाचून दाखविले. ते पुन्हा हसले. या वेळी ते हसणे बराच वेळ टिकले.